मृगयेची पूर्वतयारी

भाद्रपद सरत आला, रानांतलें गवत पिवळें पडूं लागलें आणि ओढ्यांचा जोर ओसरला, म्हणजे जुन्या काळीं राजवाड्यापासून पारध्याच्या पालापर्यंत एकच हालचाल सुरू होई. शिकारीचे दिवस जवळ आलेले असत. पावसाळ्याचे चार महिने मोठी शिकार बहुधा बंद राही. कारण पुरुषभर वाढलेल्या गवतांत जनावर दिसत नाहीं, चिखलांत घोडा पळत नाहीं, आणि ओल्या हवेनें धनुष्याची तात ढिली पडते.

शिकाऱ्यांच्या शौर्यकथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. वाघ केवढा होता आणि बाण कोठें लागला, हें सांगणारे भाट प्रत्येक दरबारीं असत. त्या बाणाआधीं दोन महिने शिकारी काय करीत होता, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आज मी त्या दोन महिन्यांविषयीं बोलणार आहें. चार महिने सैलावलेलें शरीर, पोट सुटलेला घोडा आणि सुस्तावलेला ससाणा हीं पुन्हां कामास कशीं लावावीं, हा प्रश्न निरनिराळ्या देशांतील लोकांनीं आपापल्या परीनें सोडविला; आणि आश्चर्य असें, कीं त्या सर्वांचीं उत्तरें जवळजवळ एकच आलीं.

प्रथम आपल्याकडील एक जुना वाद पाहूं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत राजाच्या व्यसनांचा विचार केला आहे. त्यांत द्यूतापेक्षां मृगया अधिक वाईट, असें पिशुन नांवाच्या आचार्यांचें मत तो देतो. चोर, शत्रु, हिंस्र पशु, वणवा, दिशाभूल, भूक आणि तहान हीं सगळीं संकटें रानांत राजाच्या अंगावर येतात, असें त्या आचार्यांचें म्हणणें. कौटिल्याला हें मान्य नाहीं. मृगयेनें व्यायाम घडतो. कफ, पित्त आणि मेद झडतो. स्थिर व पळत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो. रागावलेल्या वा भ्यालेल्या जनावराचें मन ओळखतां येतें, असें त्याचें उत्तर आहे. ह्या गुणांच्या यादींत त्यानें आणखी एक गोष्ट घातली आहे, ती अशी, कीं मृगयेचें प्रयाण नित्याचें नसतें. कौटिल्यानें हा गुण म्हणून सांगितला; मला त्यांत आजच्या विषयाचें मर्म दिसतें. जें काम नित्याचें नाहीं, तें शरीराला दर वर्षीं नव्यानें शिकवावें लागतें.

हेच गुण कालिदासानें शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत दुष्यंताच्या सेनापतीच्या तोंडीं घातले आहेत. मृगयेनें पोट उतरतें, अंग हलकें होतें, आणि लोक उगीच तिला व्यसन म्हणतात, असें तो मोठ्या उत्साहानें सांगतो. पण त्याच अंकाच्या आरंभीं विदूषक माधव्य रंगभूमीवर येतो तो विव्हळतच. घोड्यामागें धावून त्याचे सांधे दुखत आहेत, रात्रीं सुखाची झोप नाहीं, आणि पहाटें पारध्यांचा गोंगाट कानीं पडतो. रान तेंच, ऊन तेंच आणि मृगयाही तीच. परंतु राजाचें अंग धनुष्याच्या रोजच्या ओढीनें आधींच कसलेलें, आणि विदूषकाचें मोदकांवर पोसलेलें. शिकार शरीर कसते खरी, पण तें आधीं थोडें कसलेलें असावें लागतें. प्रेक्षक विदूषकाला हंसतात; आपणांपैकीं बहुतेकांची जात मात्र त्याचीच.

आतां हिमालयापलीकडे जाऊं. चंगीझखानाच्या मोंगलांच्या लेखीं शिकार ही लष्कराची तालीमच होती. तेराव्या शतकांतील इराणी इतिहासकार जुवैनी लिहितो, कीं हिवाळ्याच्या आरंभीं खानाची मोठी शिकार निघे. आधीं माणसें जाऊन जनावरें किती आहेत तें पाहून येत. मग उजवी बगल, डावी बगल आणि मधली फळी अशी फौज मांडून अफाट प्रदेशाला वेढा पडे. तो एक, दोन, प्रसंगीं तीन महिने हळूहळू आवळीत नेत. एखादें जनावर कड्यांतून निसटलें, तर त्या तुकडीच्या नायकास मार बसे. इतके दिवस खोगिरावर काढावयाचे, तर घोडाही तसाच हवा. तो कसा तयार करीत, हें चीनच्या सुंग दरबाराच्या दोन दूतांनीं, फंग दाया व शू थिंग ह्यांनीं, लिहून ठेवलें आहे. इ. स. १२३७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतांत म्हटलें आहे, कीं वसंताच्या आरंभीं मोहीम संपली म्हणजे मोंगल आपलीं चांगलीं घोडीं मोकळीं सोडीत. त्यांवर कोणी बसत नसे. पश्चिमेचा वारा सुटण्याची वेळ आली, कीं तीं धरून तंबूजवळ बांधीत आणि गवत-पाणी अगदीं थोडें देत. महिन्याभरांत सैल चरबी उतरून अंग घट्ट होई, आणि मग शेंकडों ली दौड केली, तरी घोड्याला घाम येत नसे. ली म्हणजे सुमारें अर्धा किलोमीटर. ही रीत मोंगोलियांतून अजून गेलेली नाहीं. शर्यतीचा घोडा तयार करणाऱ्यास तेथें ‘उयाच’ म्हणतात; त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘बांधणारा’ असा आहे.

ससाण्याची गोष्ट ह्याहून नाजूक. कुमाऊंचा राजा रुद्रदेव ह्यानें सोळाव्या शतकांत ‘श्यैनिकशास्त्र’ नांवाचा सात परिच्छेदांचा संस्कृत ग्रंथ रचला. हरप्रसाद शास्त्री ह्यांनीं तो १९१० सालीं कलकत्त्यास इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. मृगया हें व्यसन आहे काय, हा जुना वाद त्यांत आहेच. शिवाय ऋतुमानाप्रमाणें ससाण्यांची निगा कशी राखावी, ह्याचेंही विवेचन आहे. उन्हाळ्यापासून ह्या पक्ष्याचीं पिसें झडूं लागतात. नवीं पिसें पुरीं येईपर्यंत त्याला उडवीत नाहींत, पोटभर मांस देतात आणि शांत ठेवतात; कारण ह्या काळांत उपासमार झाली, तर नव्या पिसावर एक कमजोर रेघ उमटते आणि ऐन झडपेच्या वेळीं पीस तेथेंच मोडतें. पिसें पुरीं झालीं, म्हणजे पक्षी लठ्ठ झालेला आणि माणसाला विसरलेला असतो. मग बाजदार मांस पाण्यांत धुऊन, त्यांतला कस कमी करून त्याला देतो. रोज कित्येक तास त्याला मुठीवर घेऊन हिंडतो. छातीचें हाड बोटांनीं चांचपून अंग किती उतरलें तें पाहतो. पुढें पायाला लांब दोरी बांधून थोडें थोडें उडवितो, आणि विश्वास पटला म्हणजेच मोकळें सोडतो. फार लठ्ठ राहिला, तर पक्षी परत येत नाहीं. फार उतरला, तर त्याला पल्ला गांठवत नाहीं. लंडनच्या चेअरिंग क्रॉसजवळ राजाचे ससाणे पिसें झडण्याच्या दिवसांत ठेवीत. पिसें झडण्याच्या शब्दावरून त्या जागेस ‘म्यूज’ म्हणत. १५३४ सालीं ती जागा जळाली आणि पुढें तेथें घोड्यांचे तबेले झाले, तरी नांव तेंच राहिलें. आज लंडनांतल्या कित्येक गल्ल्या तें नांव मिरवितात. त्यांत राहणारांस ससाण्याची आठवण असेलच असें नाहीं.

पशुपक्ष्यांचें झालें; माणसाचें काय? त्याच्या तयारीचें एक साधन आपल्या नेहमींच्या पाहण्यांतलें आहे. भारी धनुष्य ओढण्यास पाठीचें आणि खांद्यांचें बळ लागतें, आणि सराव तुटला कीं तें बळ लवकर ओसरतें. म्हणून सरावासाठीं मुद्दाम मऊ धनुष्य करीत. फारसींत त्याला ‘लेज़म’ म्हणतात. आधीं तें ओढावयाचें, मग हलकें धनुष्य, आणि शेवटीं कामाचें भारी धनुष्य, असा क्रम असे. पुढें दोरीच्या जागीं लोखंडी सांखळी आली आणि तींत चकत्या ओंवल्या गेल्या. इराणांतल्या तालमींत, ज्यांना तेथें जोरखाना म्हणतात, असें लोखंडी धनुष्य अजून डोक्यावर धरून खेळवितात. आपल्याकडे त्याचीच लेझीम झाली. शाळेच्या पटांगणांत कवाइतीच्या तासाला मुलांच्या हातीं लेझीम देतांना कित्येक वर्षें मी तिला केवळ तालाचें साधन समजत होतों. आपण मुलांच्या हातीं धनुष्य देत आहों, हें मला फार उशिरां कळलें.

घोडा, ससाणा आणि माणूस ह्या तिघांची रीत शेजारीं शेजारीं ठेवून पाहिली, तर तींत एकच सूत्र दिसतें. विश्रांति पुरती द्यावी. ती संपतांच प्रथम सैलपणा उतरवावा. मग हलका भार, आणि सर्वांच्या शेवटीं पुरा भार. ह्यांतली एकही पायरी कोणी गाळीत नसे, आणि कोणी घाईही करीत नसे.

परंतु तयारी खरी सुरू होते ती विश्रांतीच्या काळांतच, हें शिकवणारें पत्र आपल्या इतिहासांत आहे. मराठ्यांच्या स्वारीचा हंगामही शिकारीप्रमाणेंच दसऱ्यानंतरचा. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत शिवछत्रपतींची घोडदळाची एक छावणी चिपळूणजवळ पडली होती. पावसाळा तोंडावर होता. तेथील अंमलदारांस महाराजांनीं लिहिलें त्याचा भाव असा: दाणा-वैरण आजच मनास येईल तशी उधळाल, तर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचा दाणा आणि भाजी उचलाल, आणि त्या रयतेला तुमच्यापेक्षां मोंगल बरे वाटूं लागतील. रात्रीं दिवा जळता ठेवाल, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत त्या राजाची दृष्टि गेली आहे. दसऱ्याला जो घोडा दौडावयाचा, त्याची चिंता पावसाआधींच वाहिलेली आहे. ह्या पत्रांत तलवारीचा खणखणाट नाहीं. मला मात्र तें कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षां मोठें वाटतें.

येथें एक स्वतःची फजिती सांगतों. तीन वर्षांपूर्वीं मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं सिंहगड पायीं चढावयास निघालों. वर्षानुवर्षें मुलांना तानाजीची गोष्ट शिकविलेली. तेव्हां गड आपल्या ओळखीचाच, असा भ्रम होता. चार महिने मात्र मी खिडकीशीं वाचीत बसलेला. अर्ध्या वाटेवर छाती भरून आली, पोटऱ्या वळल्या, आणि एका दगडावर बसून राहावें लागलें. माझ्याहून वयानें मोठ्या अशा एक आजीबाई डोक्यावर दह्याची पाटी घेऊन शेजारून वर चालल्या होत्या. त्या थांबल्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “गड रोजचा लागतो, बाबा,” आणि पुढें गेल्या. त्या दिवशीं मी तेथूनच परतलों. पुढच्या श्रावणापासून मीं पर्वतीच्या १०३ पायऱ्या धरल्या. आधीं निम्म्या, मग सगळ्या, मग दोन वेळां. त्या दसऱ्याला गड चढलों. दहीही वरच खाल्लें.

शेवटीं एक प्रश्न उरतो. शिकार तर आतां उरली नाहीं, आणि उरूं नये हेंच योग्य. जो चित्ता राजेलोक हरणांवर सोडीत, तो भारतांतून नाहींसा झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आली. जुवैनी सांगतो, कीं मोंगलांच्या महाशिकारीच्या अखेरीस वृद्ध माणसें खानापुढें येत आणि उरलेल्या जनावरांचे प्राण मागून घेत. आपणही उशिरां कां होईना, तें मागणें मान्य केलें. मग तयारी कशासाठीं?

ह्याचें उत्तर फार पूर्वीं एका सम्राटानें दिलें आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखांत म्हटलें आहे, कीं पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत आणि तींत मृगया व तशाच करमणुकी असत. आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनीं धर्मयात्रा सुरू केली. ह्याच लेखाचा एक तुकडा १८८२ सालीं वसईजवळ सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना सांपडला. अशोकानें मृगया सोडली, यात्रा सोडली नाहीं. तो राजवाड्यांतून बाहेर पडत राहिला. वृद्धांना भेटला, खेड्यापाड्यांतल्या माणसांशीं बोलला. त्यालाही पाय चालते ठेवावे लागलेच असतील.

दसरा आतां फार दूर नाहीं. खुंटीवरची लेझीम खालीं काढावयास हरकत नाहीं. आरंभीं मात्र हलकीच घ्यावी.