दूध संकलन, स्वयंचलित

गावातील दूध संकलन केंद्रावरचा वजनकाटा, दूधपरीक्षण यंत्र, बल्क कूलरमधील तापमापक आणि दूध संघाचा मध्यवर्ती संगणक एकमेकांना जोडून मोजमाप, प्रत, दर, बिल व वाहतूक एकाच नोंदीवर चालवण्याची व्यवस्था. संवेदक आणि जोडलेली उपकरणे रोजच्या धंद्यात पूर्णपणे मुरल्याचे भारतातील हे एक जुने व दूरवर पसरलेले उदाहरण आहे. गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या सहकारी संस्थांत १९९० च्या दशकात ती रुजली. महाराष्ट्रात आज सहकारी संघ आणि खासगी डेअऱ्या दोन्ही तिच्यावर चालतात.

दुधाच्या धंद्याला तिची गरज का पडली, हे धंद्याच्या स्वरूपातच आहे. माल नाशवंत, तो रोज दोनदा येतो, शेकडो घरांतून पाच-दहा लिटरांनी येतो आणि त्याचा दर आतल्या घटकांवर ठरतो. पूर्वी फॅट काढण्यासाठी गर्बर पद्धत वापरत. स्विस रसायनज्ञ निक्लाउस गर्बर यांनी १८९१ मध्ये ती मांडली. नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल व अमाइल अल्कोहोल घालून नळी यंत्रात फिरवायची आणि वर आलेल्या स्निग्धांशाची पातळी वाचायची. पद्धत विश्वसनीय होती, पण उत्पादक दूध घालून घरी गेल्यावर फॅट निघे. सचिवाने वहीत लिहिलेला आकडा तो दुसऱ्या दिवशी कार्डावर वाचत असे.

स्वयंचलित केंद्रात उत्पादकाचा सभासद क्रमांक टाकला की काट्यावरील वजन आपोआप संगणकात येते. नमुना परीक्षण यंत्रात जातो, मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ, यांचे आकडे मिळतात. दरपत्रकाशी ते जुळवून रक्कम निघते आणि पावती हातात पडते, अनेक ठिकाणी मोबाइलवर संदेशही जातो. त्याच नोंदीवरून दर दहा दिवसांचे बिल बँक खात्यात जमा होते. सकाळ-संध्याकाळची गर्दी तास-दोन तासांची असते आणि नेमकी त्याच वेळी गावात वीज किंवा नेटवर्क जाऊ शकते. म्हणून नोंद आधी केंद्रावर साठवून जोडणी आल्यावर संघाकडे पाठवणारी रचनाच टिकते.

परीक्षण यंत्रे बहुतेक श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालतात. तापमान वाढले की पाण्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो, स्निग्धांशातून मात्र कमी वेगाने. दोन वेगळ्या तापमानांना लहरीचा वेग मोजला की घटकांचे प्रमाण काढता येते. याचा अर्थ, यंत्र फॅट थेट पाहत नाही, ध्वनीवरून तिचा अंदाज बांधते. नुकत्याच काढलेल्या दुधातील हवेचे बुडबुडे, आंबलेले दूध, न धुतलेल्या नळीत साचलेला थर, गाईच्या दुधाला लावलेले म्हशीचे अंशांकन, यांपैकी काहीही आकडा हलवू शकते. युरिया, साखर यांसारखी भेसळ एसएनएफ वाढवून दाखवू शकते. ती पकडायला रासायनिक चाचणी किंवा अवरक्त किरणांवर चालणारे महागडे यंत्र लागते.

या व्यवस्थेचा खरा कस इथेच लागतो. कारखान्यात संवेदक चुकला तर नुकसान बहुधा तो बसवणाऱ्याचेच होते. संकलन केंद्रावर यंत्र खरेदीदाराचे असते आणि चुकीचा फटका विक्रेत्याला बसू शकतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफला धरतात. त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे एका दशांशाच्या फरकालाही, कपात होते. काटा किलोत मोजतो, दर लिटरचा असतो. लिटरभर दूध सुमारे १.०३ किलो भरते, त्यामुळे रूपांतर कुठे आणि कसे केले, शेवटचा आकडा वर नेला की कापला, यावरही पैसे फिरतात. वजनकाट्याची पडताळणी २००९ च्या वैधमापन कायद्याखाली होते. फॅट मोजणाऱ्या मिल्कोमीटरचीही तशीच नियमित, त्रयस्थ तपासणी व्हावी ही दूध उत्पादकांच्या संघटनांची मागणी रास्त आहे, कारण दर ठरवणारे ते यंत्रही बाजारातले मापच आहे. ज्या केंद्रावर पडदा उत्पादकाकडे तोंड करून असतो, पावतीवर वजन, फॅट, एसएनएफ आणि दर चारही छापलेले असतात आणि शंका आल्यास त्याच नमुन्याची त्याच्यासमोर गर्बर पद्धतीने फेरतपासणी होते, तिथे यंत्राला विश्वास मिळतो. यांतले एकही नसेल, तर संगणकाने फक्त वहीची जागा घेतलेली असते.

संकलनानंतर दूध बल्क कूलरमध्ये जाते. धार काढताना दूध जनावराच्या अंगाइतके गरम असते. ते सुमारे तीन तासांत ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले तर जिवाणूंची वाढ मंदावते. टाकीतील संवेदक तापमान, दुधाची पातळी, ढवळणी आणि वीजपुरवठा कळवत राहतात. धोक्याची सूचना जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला जाऊन भागत नाही. ज्याच्याकडे जनरेटरची किल्ली आहे त्याचा फोन आधी वाजला पाहिजे, आणि रात्री तो उचलण्याची जबाबदारी नेमून दिलेली हवी. अशी नेमणूक नसेल तर दूध नासते आणि कधी नासले याची बिनचूक नोंद तेवढी मागे राहते.

टँकरवर स्थाननिदर्शक यंत्रे आणि झाकणांवर इलेक्ट्रॉनिक कुलपे बसवता येतात. कूलरमधून निघालेले आणि डेअरीत उतरलेले दूध यांतील तफावत त्यामुळे मार्गनिहाय दिसते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संस्था व संघांसाठी सामायिक संगणकप्रणाली तयार केली आहे. हे महत्त्वाचे, कारण काटा एका कंपनीचा, परीक्षण यंत्र दुसरीचे आणि हिशेब तिसरीचा असला की गावची संस्था तिघांच्या मर्जीवर राहते. नोंदींचे मोलही वाढत चालले आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, तेव्हा दुधाच्या नोंदी, बँक खाते आणि जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ला यांची सांगड घालावी लागली. गोठ्यातले कष्ट बहुतांशी बाईचे असूनही सभासद क्रमांक नि खाते अनेक घरांत पुरुषाच्या नावावर असते. नोंदही त्याचीच होते, आणि त्या नोंदीच्या आधारे मिळणारे कर्ज किंवा लाभही त्याच्याकडे जातो. सभासदत्व बाईच्या नावे केल्याशिवाय हे बदलणार नाही.

यापुढची पायरी गोठ्याची. गळ्यातल्या पट्ट्यातील संवेदक गाईची हालचाल आणि रवंथ मोजून माज ओळखतात. माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि काही तासच टिकतो. तो हुकला की रेतन पुढच्या फेरीवर जाते. शंभर गाईंच्या मुक्त गोठ्यात या पट्ट्याचा खर्च निघू शकतो. दोन गाई डोळ्यांसमोर बांधणाऱ्या घराला त्याची गरज नाही.