वसुलीचे फोन सारखे येतायत? नियम काय सांगतो ते वाचा

ट्रॅक्टर, मोबाईल किंवा गटाच्या कर्जाचा हप्ता थकला की वसुलीचे फोन सुरू होतात. कर्ज फेडावंच लागतं, पण म्हणून कुणी धमकावलेलं सहन करायची गरज नाही. बँका आणि फायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत.

वेळ : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्स कर्जासाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच वेळ आहे.

वागणूक : शिवीगाळ, धमकी, चारचौघांत बदनामी चालत नाही. घरच्यांना, मित्रांना त्रास देता येत नाही. जामीनदाराची गोष्ट वेगळी. कर्जाची जबाबदारी त्याच्यावरही असते.

फोन आला तर काय कराल?

१. नाव, कंपनी आणि कर्ज खाते नंबर विचारा. तारीख-वेळ लिहून ठेवा. मेसेज, रेकॉर्डिंग पुसू नका.

२. एजंटच्या स्वतःच्या खात्यावर पैसे टाकू नका. हप्ता कर्ज खात्यातच भरा, पावती घ्या.

३. बँकेत किंवा कंपनीत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रारीला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी फोन १४४४८.

४. पतसंस्थेचं कर्ज असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करा.

५. मारहाणीची धमकी आली तर थेट पोलीस ठाणं गाठा. बोगस लोन ॲपने पैसे उकळले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.