नळातला उसासा

अकोट तालुक्याच्या खारपाणपट्ट्यात नळाला पाणी यायच्या आधी आवाज येतो. तोटी बराच वेळ सूं सूं करत राहते, मग खोकते, दोन-चार वेळा थुंकते. "नळ आले वं!" ही हाक गल्लीत जाते ती पाणी दिसल्यावर नव्हे, हा आवाज ऐकल्यावर. पहिला गुंड भरतो तो दुधासारख्या पांढऱ्या पाण्याने. नवखा माणूस दचकतो, कुणी ब्लीचिंग पावडर जास्त पडली असं म्हणतो. गुंड थोडा वेळ तसाच ठेवला की तळापासून वरपर्यंत पाणी नितळ होत जातं. पांढरेपणा औषधाचा नव्हता, हवेचा होता.

ही हवा नळात कशी शिरली, हे समजायला आधी इथली जमीन पाहावी लागते. अकोटच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा आहे. तिथल्या विहिरींना गोडं पाणी, म्हणून तिथे पानमळे, पानपिंपरी, केळी आणि संत्र्यांचे बगीचे उभे राहिले. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की नदीच्या गाळाचा जाड थर लागतो आणि त्यातलं पाणी खारं. हाच खारपाणपट्टा. तो अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. त्याचं क्षेत्र सुमारे 4,700 चौरस किलोमीटर आणि त्यातली गावं नऊशेच्या आसपास. विहीर आहे, तिला पाणीही आहे, पण ते पिता येत नाही, अशा गावांत बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी पायपीट करण्यात गेल्या. वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण झालं आणि तिथलं पाणी नळाने खाली उतरू लागलं, तेव्हा या भागाचं जगणं बदललं. अकोट-तेल्हाऱ्याकडे 'चौऱ्याऐंशी खेडी' हे शब्द कानावर पडले की ते आकड्याबद्दल नसतात, पाणी पुरवणाऱ्या योजनेबद्दल असतात.

एवढ्या लांब जाणारा नळ सपाट नसतो. तो चढतो, उतरतो. पाणी रोज अखंड सोडलेलं नसेल तर तो मधल्या काळात रिता होतो आणि त्यात हवा भरते. पाणी पुन्हा सुटलं की ती हवा उंचवट्यांवर अडकते, घुसळली जाते, बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात मिसळते. "लाइनीनं हवा धरली" ही तक्रार पंपावरच्या माणसाला आणि मळ्यातल्या शेतकऱ्याला सारखीच ओळखीची.

ती नवी मात्र नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, तेव्हा त्या बंदिस्त वाटेवर हवेला मोकळं होता यावं म्हणून जागोजागी उंच बांधकामं केली. त्यांना उच्छ्वास म्हणत, लोकांच्या तोंडी उसासे. त्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरी खेळवल्या. पुढे पाणचक्कीपर्यंत मातीच्या नळांतून पाणी आलं, तेव्हा त्या वाटेवरही दाब मोडायला आणि हवा सोडायला मनोरे उभारले गेले. हे काम करणाऱ्या कारागिरांपुढे कुठलं समीकरण नव्हतं. पाणी चालतं तेव्हा त्याला श्वासही टाकावा लागतो, हे त्यांनी हाताने शिकून घेतलं होतं. 'उसासा' हा शब्द त्याच हातांची कमाई आहे आणि आजच्या 'एअर वॉल्व्ह'पेक्षा तो कितीतरी नेमका आहे.

हवेने पाण्यात नेमकं काय बिघडतं, हे कळायला पाण्यातल्या आवाजाचा वेग माहीत हवा, कारण नळातला धक्का त्याच वेगाने धावतो. 1826 साली जिनिव्हा सरोवरात डॅनियल कोलाडाँ आणि चार्ल्स स्टर्म यांनी रात्रीच्या अंधारात एका नावेवरून पाण्याखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडवला. 13 किलोमीटरहून अधिक दूर दुसऱ्या नावेत भडका दिसल्यापासून पाण्यातला टोल ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला गेला. तो 10 सेकंदांहून कमी भरला. वेग निघाला सेकंदाला सुमारे 1,435 मीटर, हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून जास्त.

आता त्याच पाण्यात बुडबुडे सोडले तर? अकोटवरून पूर्वी जाणाऱ्या अकोला–खंडवा मीटरगेजवर मालगाडीचं शंटिंग पाहिलेल्यांना उत्तर लवकर पटेल. इंजिनाचा धक्का डब्यामागून डब्याला पोहोचतो. डबे जड आणि बफर कडक असतील तर धक्का झटकन शेवटच्या डब्यापर्यंत जातो. डबे तेवढेच जड ठेवून बफरच्या स्प्रिंगा ढिल्या केल्या, तर तोच धक्का रेंगाळत जातो. पाणी दाबायला अतिशय कडक आहे, हवा फार मऊ. बुडबुडे मिसळले की वजन जवळजवळ पाण्याचंच राहतं, मऊपणा मात्र हवेचा येतो.

परिणाम विश्वास बसू नये इतका मोठा आहे. 1,000 लिटरच्या टाकीत एकच लिटर हवा बारीक बुडबुड्यांनी सगळीकडे पसरली, तर नेहमीच्या दाबाला, सरोवराहून उबदार पाण्यात, आवाजाचा वेग 1,480 वरून साधारण 350 मीटरवर येतो. 10 लिटर हवा असेल तर 100-120 वर. निम्मं पाणी नि निम्मी हवा अशा फेसात तो सेकंदाला 20-25 मीटरच उरतो, नुसत्या हवेतल्या वेगाहूनही कितीतरी कमी. याच्या तुलनेत ज्या खारटपणाने या पट्ट्याला छळलं त्याचा परिणाम अगदी किरकोळ. लिटरमागे एक ग्रॅम मीठ वाढलं तर वेग जेमतेम मीटरभर वाढतो. आणि विरघळलेल्या हवेने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ती बुडबुडा होऊन बाहेर आली की मगच सगळा खेळ बदलतो.

नळाच्या दृष्टीने हा वेग जीवनमरणाचा असतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याचे नळ फुटत, म्हणून निकोलाय झुकोव्स्की यांनी 1897-98 मध्ये तिथे प्रयोग केले. वाहतं पाणी अचानक अडवलं की त्याचा धक्का आवाजाच्या वेगाने नळातून उलटा धावतो. लोखंडी नळात तो वेग त्यांना सेकंदाला सुमारे 1,000 मीटरच मिळाला, कारण नळाची भिंतही थोडी ताणली जाते. सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं पाणी एकदम थांबवलं, तर दाब 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा वाढतो. अभियंते याला वॉटर हॅमर म्हणतात. घरातले लोक कितीही घाई करोत, वॉल्व्हमन चाक सावकाश फिरवतो तो याच धक्क्यापायी.

मग हवा मिसळून धक्का मंदावला तर चांगलंच की, असं वाटेल. विखुरलेले बारीक बुडबुडे खरोखरच उशीसारखे वागतात. पण उंचवट्यावर साठलेला हवेचा मोठा गोळा पाण्याची वाट अडवतो, दबून स्प्रिंगसारखा उसळतो, आणि तोंडातून झपाट्याने निसटला की मागचं पाणी रिकाम्या जागेत धावत येऊन आदळतं. नळ फुटतो तो अशाच वेळी. म्हणून चढाच्या माथ्यावर हवा सोडणारा वॉल्व्ह बसवतात, कात्रजच्या वाटेवर उच्छ्वास बांधले त्याच कारणासाठी.

बुडबुड्यांचं गणित मात्र नळांमुळे सुटलं नाही. फेसाळ द्रवाने भरलेला पेला वाजवला की बद्द आवाज का येतो, या साध्या प्रश्नाचा आर्नल्फ मॅलॉक यांनी 1910 मध्ये पाठपुरावा केला. ब्रिटिश नौदलासाठी पाण्याखालचे आवाज अभ्यासणाऱ्या ए. बी. वूड यांनी 1930 च्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या ग्रंथात त्याचं सूत्र मांडलं, आणि ते आजही त्यांच्याच नावाने चालतं.

मॅलॉकचा पेला खारपाणपट्ट्यातल्या कुठल्याही घरात मिळतो. नळ आल्या आल्या ते पांढरं पाणी काचेच्या उंच पेल्यात घ्यावं आणि तळाशी चमच्याने टकटक करत राहावं. सुरुवातीला आवाज जाड, बसका येतो. बुडबुडे वर चढत जातात, पाणी तळातून निवळू लागतं, आणि चमचा त्याच जागी, त्याच जोराने पडत असताना सूर वर चढत जातो.