बोर्डीचे अंगण आणि कोळगावचे दप्तर : बालविकासाच्या नोंदीतील भाषेचा प्रश्न

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. पालघर-बोईसर मार्गावरील कोळगाव येथे उभारलेल्या जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन २०२१ साली झाले. जिल्हानिर्मितीच्या सुमारे दीड वर्ष आधी, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ पालघर येथूनच झाला होता. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, आजार आणि विकासातील विलंब वेळीच ओळखणे हे त्याचे प्रयोजन होय. यांपैकी पहिल्या तिहींचा निर्णय पुष्कळदा डोळ्यांनी, वजनकाट्याने अथवा रक्ततपासणीने करता येतो. चौथ्याचे तसे नाही. मूल काय करते, काय समजते आणि काय बोलते यांवरून तो अनुमानावा लागतो. म्हणजे येथे भाषा हाच पुराव्याचा एक मोठा भाग ठरतो. आणि हा पुरावा कोणत्या भाषेत गोळा करावयाचा, हा प्रश्न या भूप्रदेशात नवा नाही.

या प्रश्नाचा मागोवा घेताना १९४५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी डहाणू तालुक्यातील वारली शेतमजुरांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाईंची पद्धती माँटेसोरींच्या विचारांवर उभी होती. त्या विचारांचा उगम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह उघडले, त्यापूर्वी त्या ज्यांना समाजाने मतिमंद ठरविले होते अशा मुलांना शिकवीत होत्या. इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांची साधने त्यांनी त्या मुलांसाठी वापरली आणि पुढे तीच सर्व मुलांसाठी विकसित केली. तेव्हा विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण ही सामान्य बालशिक्षणाची नंतर फुटलेली शाखा आहे, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

बोर्डीला या पद्धतीचे रूप पालटले. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपल्या, बिया, पाने व खडे यांनी घेतली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' या नावाचा अर्थ मुळात इतकाच सरळ आहे. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे ताराबाई (१८९२-१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग केले. या सर्वांमागे एकच तत्त्व दिसते. शाळेला मुलाचा प्रतिसाद मिळत नसेल, तर दोष मुलाच्या ठिकाणी आहे असे मानण्यापूर्वी शाळेने आपली जागा, वेळ आणि साधने बदलून पाहावीत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पसरले. आहार, लसीकरण व वजनाची नोंद या गोष्टींना तीत साहजिकच अग्रक्रम मिळाला. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंनंतर तर या भागात कुपोषण हाच मुख्य विषय झाला. तो तसा होणे योग्यच होते. कारण आयुष्याच्या पहिल्या वर्षांतील उपासमार मेंदूच्या वाढीवरही आघात करते. परंतु वजन भरून आल्यावरही जे मूल बोलत नाही अथवा हाकेला ओ देत नाही, त्याच्यासाठी नोंदवहीत वेगळे स्थान असणे आवश्यक होते. २०१३ च्या कार्यक्रमाने ते दिले. वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावी आणि संशयित मुलास जिल्हास्तरीय केंद्राकडे पाठवावे, अशी त्यात योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अक्षमतेचे एकवीस प्रकार मानले. त्यांत बौद्धिक अक्षमता आणि वाचा व भाषा अक्षमता यांची गणना स्वतंत्रपणे केली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धतीही प्रसिद्ध केली.

भाषेच्या प्रश्नाचे महत्त्व या ठिकाणी ध्यानात येते. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारली, काथोडी, वाडवळ यांची नोंद मराठीच्या बोली म्हणून आहे. वर्गीकरणाच्या दृष्टीने त्या मराठीच्या निकट असल्या, तरी तीन वर्षांच्या मुलाला ही निकटता उपयोगी पडत नाही. त्याला अंगणवाडीतील प्रमाण मराठी प्रश्न हा परका आवाज वाटतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तरेकडून आलेल्या कामगारांच्या मुलांची अवस्था याहून भिन्न नाही. अशा वेळी दोन चुका संभवतात. आपल्या बोलीत अस्खलित बोलणारे मूल मराठीत गप्प राहते म्हणून त्यास मंद ठरविले जाते, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे. 'या पाड्यावरची सर्वच मुले प्रथम गप्प असतात' असे गृहीत धरल्यामुळे ज्यास खरोखर ऐकू येत नाही किंवा ज्याचा विकास मागे पडला आहे, असे मूल नजरेतून सुटते. उपचारास सर्वांत अनुकूल अशी पहिली वर्षे मग तशीच निघून जातात.

या दोहोंतील भेद करण्याची कसोटी भाषाशास्त्रास ठाऊक आहे. भाषाभेद शाळेच्या भाषेत प्रकट होतो. विकासातील विलंब घरच्या भाषेतही प्रकट होतो. दोन वर्षांच्या सुमारास मूल दोन शब्द जोडू लागते, हा टप्पा वारलीला लागू आहे तसा भोजपुरीलाही. घरात दोन भाषा बोलल्या जातात एवढ्याने विलंब उद्भवत नाही. म्हणून प्रथम श्रवणाची परीक्षा, नंतर घरच्या बोलीतील आकलन व उच्चार, आणि त्यानंतर मराठी, असा क्रम असावयास हवा.

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पाड्यावरून कोळगावच्या दप्तरात पोहोचणाऱ्या प्रत्येक नोंदीत 'तपासणी कोणत्या भाषेत झाली' असा एक रकाना असला, तरी या दोन्ही चुका पुष्कळ अंशी टळतील. तो भरताना आईला विचारावे लागेल, आणि जेथे अंगणवाडीची मदतनीस त्याच पाड्यावरची असेल तेथे तिला दुभाषी म्हणून सोबत घ्यावे लागेल. बोर्डीला बालवाडी अंगणात गेली, तेव्हा तिने आपली जागा बदलली होती. तपासणीने आता आपली भाषा बदलावयाची आहे.