जटपुऱ्याच्या सावलीत

चपला काढा. सुमारे ३०० वर्षं मागं अनवाणीच जायचंय, आणि महिना वैशाखाचा आहे. बसला चटका? म्हणजे पोचलात. समोर गोंडराजांच्या चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा परकोट, जटपुरा दरवाजा. त्याच्या हातभर सावलीत माणसं, बैल, शेळ्या सगळे एकमेकांना खेटून उभे. मागून बंडी येतेय, सरका!

चाकांवरची काळी भुकटी बघा. वरोऱ्याकडची. दख्खनच्या पठाराचा लाव्हाचा दगड तिकडे संपत येतो, त्याच्या झिजेची ही माती. पोत्यात हात घाला. ज्वारी. कोपरापर्यंत गार वाटते ना?

पलीकडे पायलीनं तांदूळ मोजतायत. तो आला पूर्वेच्या झाडीतून. तिथला खडक कितीतरी जुना, माती पिवळसर, रेताड. ओल धरून ठेवणं तिला जमत नाही. मग कोहळी समाजाच्या लोकांनी उताराला पाळ घालून तलाव बांधले, खाली भाताच्या बांध्या काढल्या. पाळ कुठे घालायची हे उतार बघून ओळखणारी ती माणसं! नुसतं आठवलं तरी माझा ऊर भरून येतो.

आता खोल श्वास घ्या. गोड, आंबूस, थेट डोक्यात जाणारा वास. सुकलेली मोहफुलं! कावड उतरवून बसलेला तो माणूस वैनगंगेपलीकडच्या, सुरजागडाच्या बाजूच्या डोंगरांतून मुक्काम करत आलाय. तिथे माती वीतभर, उतार खडा, नांगराचं काम नाही. झाडोरा जाळायचा, राखेत कुटकी-कोसरी पेरायची. जमीन थकली की पुढे सरकायचं. उरलेलं पोट जंगल भरतं. खांद्यावरच्या कुऱ्हाडीचं लोखंडसुद्धा डोंगरातल्या दगडाचं, कोळशाच्या भट्टीत गाळलेलं. सगळं देतो डोंगर. मीठ तेवढं देत नाही.

मीठ आणलंय बंजाऱ्यांच्या बैलांनी, समुद्राकडून. घंटांच्या आवाजात भाव नीट ऐकू येत नाही, पण दिसतो: टोपलीभर चारोळीला ओंजळभर मीठ. तुमचा हात मध्ये पडायला शिवशिवतो. पडू शकत नाही.

ऊन उतरलं. कावडवाला मिठाची पुडी पळसाच्या पानात बांधतो, तुंब्यातलं पाणी पितो, तुम्हालाही देतो. कोमट आहे, प्या. चला त्याच्यामागे. रात्रीचं चालणं बरं, म्हणतो तो. वैनगंगेची वाळू दिवसा पाय ठेवू देत नाही.