वॉटसनचें लोखंडी घर

मुंबईच्या वास्तुवैभवाची गोष्ट निघाली म्हणजे बोरीबंदरचें स्थानक व विद्यापीठाचा राजाबाई मनोरा यांचीं नांवें प्रथम घेतलीं जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचें वॉटसनचें हॉटेल, पाहून थबकणारा रसिक विरळा. आमच्या मतें आजच्या उत्तुंग मुंबईचें बीज त्या कोरीव दगडांत नसून या गंजलेल्या लोखंडांत आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत किल्ल्याचे तट पाडण्यांत आले व मोकळ्या जागेवर नवें शहर उभें राहूं लागलें. जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्यानें येथेंच इमारत बांधण्याचें योजिलें. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या स्थापत्यविशारदानें केला. लंडनच्या १८५१ सालच्या प्रदर्शनांतील स्फटिकमहालाच्या कामांत त्याचा हात होता. टेम्स नदीवरील आल्बर्ट पूलही त्याचाच. इमारतीचे लोखंडी खांब व तुळया इंग्लंडांत तयार झाल्या, जहाजांतून मुंबईस आल्या आणि १८६७ ते १८६९ या काळांत येथें जोडल्या गेल्या.

या रचनेचें मर्म काय? दगडी इमारतींत भिंत भार वाहते, म्हणून उंची वाढली कीं भिंतीची जाडी वाढते. येथें सारा भार लोखंडी सांगाड्यावर आहे. विटांची भिंत केवळ आडोसा. ही कल्पना आपणांस अगदींच परकी नाहीं. आपल्या जुन्या वाड्यांतही लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर माळे तोललेले असत. मात्र लोखंडामुळें तीच युक्ति पांच मजल्यांपर्यंत चढली, आणि घर कारखान्यांत घडूं लागलें. आज गगनाला भिडणाऱ्या इमारती उभ्या राहतात त्या याच तत्त्वावर.

या वास्तूनें वैभवही पाहिलें. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं येथेंच. पुढें हॉटेल बंद पडलें, दालनांचे तुकडे पडून कचेऱ्या व बिऱ्हाडें आलीं, आणि निगा सुटली. २००५ सालीं सज्जाचा भाग कोसळून एक जीव गेला. २०१९ सालीं इमारत रिकामी करण्यांत आली, आणि ती पाडावी कीं राखावी हा वाद न्यायालयापर्यंत गेला.

पाडावी म्हणणारांचा युक्तिवाद आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्याचा प्राण कोणत्याही स्मारकाहून मोलाचा. ओतीव लोखंड ठिसूळ असतें, आणि गंज आंतून पोखरतो. तथापि जी वास्तु सुट्या भागांनीं जोडली गेली, ती भागाभागानें उकलून तपासतां व सांधतां येणें निदान कल्पनेबाहेरचें नाहीं. वाड्याचा कुजलेला खांब बदलतांना आपले सुतार माळ्यास धिरे देत. सबंध वाडा जमीनदोस्त करीत नसत. नक्षी डोळ्यांस दिसते, म्हणून तिला कैवारी मिळतात. सांगाडा भिंतीआड राहतो. त्याचा कैवार घेण्यास आधीं तो समजून घ्यावा लागतो. सुशिक्षितांनीं या वास्तूसाठीं तेवढें तरी करावें, हीच आमची विनंति.