तक्रार करणारीची भाकर



मी वकील नव्हे, सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण आज आपल्या घरोघरच्या लेकीसुना नोकरीला जातात. अन्याय झाला तर बोलावे खरे. पण बोलल्यावर नोकरी राहील का, ही धास्ती प्रत्येकीला असते. त्या धास्तीवर उपाय कसा निघत गेला, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

मुंबईच्या एका औषध कंपनीत माल बांधण्याच्या खात्यातील मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी संपे. कामगार संघटना त्याविरुद्ध लढली आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पुढे संघटना असली म्हणजे रोष एकटीवर येत नाही.

१९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिका होत्या. त्याच कामाला पुरुषांना पगार जास्त. जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि त्यानंतर त्यांनी दाद मागितली. 'आम्हांला परवडत नाही' ही कंपनीची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली फेटाळली. न्याय मिळाला, पण नोकरी गेल्यावर दहा वर्षांनी!

मग नोकरीत असतानाच तोंड उघडणारीचे काय? सूडबुद्धीने कामगाराला काढणे ही अनुचित प्रथा, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ठरविले होते. पुढे राजस्थानात बालविवाह थांबविण्याचे काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यानंतर महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ च्या 'विशाखा' निकालात न्यायालयाने बजावले, की लैंगिक छळाची तक्रार करणारीला व तिच्या साक्षीदारांनाही त्रास होता कामा नये.

त्यातूनच २०१३ चा कायदा आला. तो लैंगिक छळापुरताच आहे, पण नोकरीवर गदा आणण्याची धमकी हाही त्यात छळच धरला जातो. चौकशी चालू असता बाईला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखता येते. दहापेक्षा कमी माणसे असतील तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईलाही तेथे जाता येते. तक्रार लेखी व तीन महिन्यांच्या आत हवी. तालुक्यात ती घेण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो.

आपल्या बार्शीटाकळीचा तो अधिकारी कोण, हे मंडळाने विचारून फळ्यावर लिहून ठेवावे. आणि कोणी भगिनी अर्ज घेऊन निघाली, तर तिला एकटीने जाऊ देऊ नये.